उमेदवाराचा ब्रँड करता येतो, पण कुठवर?

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: एक छोटी संघटना पहिल्यांदाच निवडणूक लढवणार आहे. जाहिरात क्षेत्रातला एक मित्र सांगतो, आधी लोगो, रंग आणि घोषवाक्य पक्कं करा, उमेदवाराला ब्रँड म्हणून उभं करा, पुढचं आपोआप होतं. एका सहकाऱ्याला या भाषेचीच चीड येते. मतदार म्हणजे गिऱ्हाईक नव्हे आणि राजकारण म्हणजे साबण विकणं नव्हे, असं त्यांचं म्हणणं. दोघांतलं कोणाचं ऐकावं, आणि हातात पैसा थोडाच असेल तर तो कुठे घालावा?

मी आधी रोजच्या वापराच्या वस्तूंच्या ब्रँडवर आणि नंतर निवडणूक प्रचारावर काम केलं आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक आणि त्यांचे गैरसमज जवळून पाहिले आहेत. माझं मत असं की मित्राने क्रम उलटा लावलाय आणि सहकाऱ्याने निष्कर्ष घाईने काढलाय. ब्रँडिंगने लोकांचं मत फारसं फिरत नाही. लोकांच्या मनात आधीपासून अर्धवट असलेली एखादी भावना ते पकडतं, तिला नाव आणि चेहरा देतं, आणि मत देताना ती आठवेल अशी सोय करतं. काम तेवढंच असतं. लढत अटीतटीची असेल तर तेवढंही पुष्कळ होतं. पण मनात काहीच नसेल तर कितीही देखणा लोगो काढा, तो रिकाम्या डब्यावरच्या लेबलासारखा राहतो.

हा वाद जुना आहे. १९५२ साली अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातले सेनापती जनरल आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते. टेड बेट्स या एजन्सीतले रॉसर रीव्ह्ज तेव्हा औषधं आणि चॉकलेटं विकण्यात वाकबगार मानले जात. एका जाहिरातीत एकच दावा, तोही प्रतिस्पर्ध्याला करता येणार नाही असा, आणि तो लोकांना पाठ होईपर्यंत परत परत सांगायचा, हे त्यांचं सूत्र. तेच त्यांनी जनरलसाहेबांना लावलं. एका दिवसात स्टुडिओत बसवून त्यांच्याकडून छोट्या छोट्या उत्तरांचा ढीग रेकॉर्ड करून घेतला. प्रश्न नंतर. न्यूयॉर्कला फिरायला आलेल्या साध्या माणसांना गाठून त्यांच्या तोंडून ते वाचून घेतले आणि दोन्ही जोडून टाकले. पडद्यावर दिसतं ते असं की एक बाई महागाईबद्दल विचारते आणि सेनापती तिच्याकडे बघून म्हणतो, माझी बायको मेमीही याच गोष्टीवरून माझ्या मागे लागलेली असते. प्रत्यक्षात दोघं एका खोलीत कधी आलेच नव्हते. चित्रीकरणाच्या मधल्या वेळात आयझेनहॉवर वैतागून, म्हाताऱ्या सैनिकावर ही वेळ यावी, असं पुटपुटल्याचं सांगतात.

या जाहिरातींनी ते निवडून आले का? मला नाही वाटत. ते युद्ध जिंकून आलेले सेनापती होते, तत्कालीन ४८ पैकी ३९ राज्यं त्यांनी जिंकली. त्यांच्या लोकप्रियतेला रीव्ह्जची गरज नव्हती. पण 'हा मोठा माणूस आहे' हे लोकांना माहीत होतं, 'याला आपल्या घरखर्चाची काळजी आहे का' हे माहीत नव्हतं. जाहिरातीने नेमकी तेवढी फट भरली. ब्रँडचं काम मोजायचं तर असं मोजावं.

१९५२ आणि १९५६ असे दोनदा हरलेले प्रतिस्पर्धी अॅडले स्टीव्हन्सन यांनी १९५६ मध्ये उमेदवारी स्वीकारताना या प्रकारावर सडकून टीका केली. उच्च पदाचे उमेदवार न्याहारीच्या सीरियलसारखे विकायचे आणि बक्षिसासाठी खोक्यांची झाकणं गोळा करावीत तशी मतं गोळा करायची, हा लोकशाही प्रक्रियेचा परमोच्च अपमान आहे, असा त्यांचा सूर होता. तुमचे सहकारी आज जे म्हणताहेत तेच. मात्र त्याच निवडणुकीत स्टीव्हन्सन यांच्या प्रचाराने आयझेनहॉवरच्या १९५२च्या जाहिरातींचे तुकडे उचलून, 'तेव्हा काय म्हणाला होतात, जनरल?' अशा थाटाच्या जाहिराती केल्याच. तत्त्वाला विरोध करणारेही साधन वापरतात. त्यात मला ढोंग दिसत नाही. समोरचा मैदानात उतरला की तुम्हालाही उतरावं लागतं.

ब्रँडच्या लोकांकडून राजकारण्यांनी एक गोष्ट जरूर शिकावी, आणि ती लोगोची नाही. ग्राहकांच्या खरेदीचे अभ्यासक अँड्र्यू एरेनबर्ग यांच्या संशोधनातून बाजारात एक गोष्ट पक्की झाली आहे: कुठल्याही मोठ्या ब्रँडचे बहुसंख्य ग्राहक तो ब्रँड क्वचितच घेतात आणि त्याचा विचार त्याहून कमी करतात. निष्ठावंत असतात, पण मूठभर. राजकारणात हेच आहे, फक्त कार्यकर्त्याला ते पटत नाही. तो दिवसभर पक्षाचाच विचार करतो, त्याच्या फोनवर पक्षाचेच ग्रुप, त्याचे मित्रही तिथलेच. त्यामुळे सगळे लोक आपल्याबद्दल बोलताहेत असं त्याला वाटतं. कुंपणावरचा, म्हणजे अजून काही न ठरवलेला मतदार उमेदवाराचा विचार आठवड्यात किती करत असेल? मिनिटांत मोजावा इतका.

यातून कामाचा एक नियम निघतो. संदेश बदलायची हुक्की नेहमी आतल्या लोकांना येते. तेच वाक्य, तोच रंग, तोच फोटो बघून बघून कार्यकर्त्याचे डोळे दुखायला लागतात तेव्हा मतदाराने तो कुठे पहिल्यांदा नीट पाहिलेला असतो. माझ्या बैठकांमध्ये 'काहीतरी नवीन करूया' ही सूचना ठरलेल्या वेळी येते, प्रचाराच्या साधारण मध्यावर, आणि ती परतवणं हे माझ्या फीमधलं सर्वात उपयोगी काम असतं. २००९ मध्ये ट्रॉपिकानाने पाकिटावरचं स्ट्रॉ खोचलेलं संत्रं काढून नवं, सुबक डिझाइन आणलं. ग्राहकांना आपला ज्यूस रॅकवर सापडेना. दोन महिन्यांत विक्री सुमारे २० टक्क्यांनी पडली आणि जुनं पाकीट परत आणावं लागलं. ज्यूस तोच होता, ओळख तेवढी गेली होती.

मतपत्रिकेवर तर ओळख हाच खेळ आहे. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत साताऱ्यात शरद पवार गटाचा उमेदवार ३२,७७१ मतांनी पडला. पक्ष फुटल्यावर घड्याळ गेलेलं, हाती आलेलं चिन्ह नवं: तुतारी वाजवणारा माणूस. त्याच मतपत्रिकेवर एका अपक्षाकडे ट्रम्पेटचं चिन्ह होतं, मराठीत त्याचंही नाव तुतारीच, आणि त्याला ३७,०६२ मतं पडली. त्यातलं प्रत्येक मत चुकूनच पडलं असं कोणी सिद्ध करू शकत नाही. पण बाजारात एखाद्या नकली मालाच्या वेष्टनाने असा घोळ घातला असता तर कंपनीचा वकील दुसऱ्या दिवशी कोर्टात उभा असता. राजकीय ब्रँडची मालमत्ता आयोग देतो आणि आयोगच काढून घेतो. त्यामुळे ओळखीचा प्रश्न सजावटीचा नाही, अस्तित्वाचा आहे. तुमच्यासारख्या नव्या संघटनेने सगळ्यात जास्त डोकं इथे लावावं.

आता लोगोविषयी. ओबामांचा २००८चा 'ओ' सगळ्यांना आठवतो: उगवता सूर्य आणि नांगरलेल्या शेतासारखे पट्टे. शिकागोच्या सॉल सेंडर यांच्या चमूने तो केला. त्या वर्षी 'अॅडव्हर्टायझिंग एज' या जाहिरात क्षेत्रातल्या नियतकालिकाच्या मतदानात ओबामांना अॅपलसारख्यांच्या वर 'मार्केटर ऑफ द इयर' ठरवलं गेलं. डिझाइनर मंडळी त्याच्या सौंदर्याबद्दल बोलतात. मला त्यातलं दुसरंच महत्त्वाचं वाटतं. तो गोल इतका साधा होता की प्रत्येक राज्यासाठी, प्रत्येक गटासाठी त्याचं आपलं रूप करता येत होतं आणि तरीही तो लांबून ओळखू येत होता. कार्यकर्त्यांना हाताने काढता येणारी खूण ही छापील खुणेपेक्षा लांब जाते.

त्याच प्रचारातली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते आणि ती जास्त कामाची आहे. वेबसाइटवर नाव नोंदवून घेणाऱ्या पानासाठी त्यांनी फोटो, व्हिडिओ आणि बटणावरचे शब्द यांची २४ वेगवेगळी जुळणी करून खऱ्या पाहुण्यांवर चाचणी घेतली. आतल्या मंडळींचा जीव एका व्हिडिओवर होता. चाचणीत सगळे व्हिडिओ साध्या फोटोंच्या मागे पडले. कुटुंबाचा फोटो आणि 'अधिक जाणून घ्या' अशा अर्थाचं बटण ही जोडी जिंकली, आणि नाव नोंदवणाऱ्यांचं प्रमाण ८.२६ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर गेलं. चमूतल्या कोणाचीही आवड यात विचारात घेतली गेली नाही. व्यापारी जगाकडून उचलण्यासारखी शिस्त ही आहे, आणि आज ती कुठल्याही छोट्या संघटनेला परवडते.

२०१६च्या हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारात याउलट चित्र दिसतं. मायकेल बिएरुट यांच्यासारख्या नावाजलेल्या डिझाइनरचं बाण असलेलं 'एच', तज्ज्ञांची फौज, पैशाला तोटा नाही. आणि बाहेर आलेल्या ईमेलांतून कळलं की घोषवाक्यासाठी ८५ पर्याय चर्चेत होते. पर्याय ८५ झाले की समजावं, अडचण शब्दांची नाही. उमेदवार का उभा आहे याचं उत्तर खोलीतल्या लोकांकडे नाही, म्हणून ते शब्दांत शोधताहेत. ट्रम्प यांनी त्यांचं 'मेक अमेरिका ग्रेट अगेन' हे चार शब्दांचं वाक्य ट्रेडमार्कसाठी नोव्हेंबर २०१२ मध्येच दाखल केलं होतं, म्हणजे उमेदवारी जाहीर करण्याच्या अडीच वर्षं आधी. तेही नवं नव्हे, जवळपास तेच रेगन यांनी १९८० मध्ये वापरलं होतं. लाल टोपीवर साधी पांढरी अक्षरं, डिझाइन म्हणावं असं काही नाही. माझ्या मते तोच तिचा फायदा होता. एजन्सीतून आल्यासारखी ती दिसत नव्हती.

मनात आधीपासून असलेलं पकडायचं म्हणजे काय, हे दोन जाहिराती शेजारी ठेवून बघा. ७ सप्टेंबर १९६४ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या प्रचाराने एक जाहिरात दाखवली. एक लहान मुलगी फुलाच्या पाकळ्या मोजते, तिच्या मोजणीत उलटी मोजणी मिसळते, आणि अणुस्फोट. पैसे देऊन ती एकदाच दाखवली गेली. प्रतिस्पर्धी गोल्डवॉटर यांचं नाव तीत नव्हतंच. गरजही नव्हती, कारण अण्वस्त्रांबद्दलची त्यांची बेफिकीर वक्तव्यं लोकांनी ऐकलेली होती. फोक्सवॅगनच्या गाजलेल्या जाहिराती करणारी डॉइल डेन बर्नबाख ही एजन्सी आणि ध्वनीचे जाणकार टोनी श्वार्ट्झ यांचं हे काम. श्वार्ट्झ यांचा सिद्धान्तच असा होता की जाहिरातीने ऐकणाऱ्याच्या डोक्यात काही भरायचं नसतं, आत साठलेलं बाहेर काढायचं असतं. आता दुसरी. १९९६ मध्ये ब्रिटनच्या सत्ताधारी हुजूर पक्षाने विरोधी मजूर पक्षाचे नेते टोनी ब्लेअर यांच्या चेहऱ्यावर सैतानी लाल डोळे लावून पोस्टर काढलं. तंत्र उत्तम, चर्चा प्रचंड. पण ब्लेअर सैतान आहेत असं कोणाच्या मनाच्या कोपऱ्यातही नव्हतं. लोकांच्या मनात शंका होती ती त्यांचा पक्ष खरंच बदललाय का ही. पोस्टर भलत्याच दारावर टकटक करत राहिलं, आणि १९९७ मध्ये ब्लेअर यांना ४१८ जागा मिळाल्या.

मनात काय आहे हे कळतं कसं? इथे ब्रँडवाल्यांचं जुनं हत्यार कामाला येतं, फोकस ग्रुप. बाहेरून ते गप्पांसारखं दिसतं. सात-आठ माणसं, शक्यतो एकाच वयाची आणि एकाच प्रकारच्या कामातली, म्हणजे कोणी कोणाला दबकून बसत नाही. सगळे कुंपणावरचे. कोणाच्या बाजूने हे घेतलं जातंय हे त्यांना सांगायचं नाही. पहिला अर्धा तास पक्षाचं नावही काढायचं नाही. त्यांच्या आयुष्यात काय चाललंय तेवढंच विचारायचं. मग एखादा वेडगळ प्रश्न: हा पक्ष माणूस असता तर तुमच्या घरी कधी आला असता, कुठे बसला असता, किती वेळ थांबला असता? लोक हसतात आणि मग खरं बोलतात. एका गटात उत्तर आलं, 'येईल, पण त्याचा फोन वाजत राहील.' त्या एका वाक्यात त्या उमेदवाराची सगळी अडचण होती. लोकांना तो हुशार वाटत होता, आपला वाटत नव्हता. आकडेवारीच्या सर्वेक्षणात 'विश्वासार्हता: मध्यम' एवढंच आलं होतं. मी अशा बैठकीत मतांपेक्षा विराम टिपतो. कुठल्या नावावर सगळे गप्प होतात, कुठल्या आश्वासनावर एकमेकांकडे बघतात. आणि हो, उमेदवाराला ते रेकॉर्डिंग कधीही थेट ऐकवू नका. पुढचे दोन दिवस तो त्या माणसांशी मनात भांडत बसतो.

ब्रिटनच्या मजूर पक्षाने हे हत्यार सगळ्यात शिस्तीने वापरलं, फिलिप गूल्ड यांच्या देखरेखीखाली. आणि तिथेच तुमच्या मित्राचा क्रम का उलटा आहे ते कळतं. पक्षाने लाल झेंड्याऐवजी लाल गुलाब आणला तो १९८६ मध्ये. देखणा गुलाब. १९८७ आणि १९९२, दोन्ही निवडणुका ते हरले. १९९४ मध्ये ब्लेअर आले, 'न्यू लेबर' हे नाव आलं, पण ते नाव टिकलं कारण १९९५ मध्ये त्यांनी पक्षाच्या घटनेतलं चौथं कलम बदललं. उत्पादनाच्या साधनांची समाईक मालकी हे ध्येय सांगणारं कलम, पक्षाच्या दृष्टीने जवळजवळ पवित्र. ते बदलायला घरातलंच भांडण अंगावर घ्यावं लागलं, आणि ते भांडण लोकांनी पाहिलं. वेष्टनावर 'नवीन' लिहायचं तर आत काहीतरी नवीन असावं लागतं, हे कुठलाही ब्रँड मॅनेजर सांगेल. त्यानंतर १९९७ मध्ये त्यांनी खिशात मावेल असं कार्ड छापलं, त्यावर पाच आश्वासनं. लहान मुलांच्या वर्गात ३० पेक्षा जास्त मुलं नसतील, आणखी एक लाख रुग्णांवर उपचार करून रुग्णालयांची प्रतीक्षा यादी कमी करू, अडीच लाख तरुणांना भत्त्यावरून कामावर आणू, सराईत अल्पवयीन गुन्हेगारांचा निकाल लवकर लावू, प्राप्तिकराचे दर वाढवणार नाही. भव्य काही नाही. उलट मुद्दाम छोटी, मोजता येतील अशी. आश्वासनांवरचा लोकांचा विश्वास उडालेला असताना मोठं आश्वासन कोणी ऐकत नाही, छोटं ऐकतात.

चिलीची १९८८ची कथा जाहिरातवाले फार आवडीने सांगतात. पिनोशेची हुकूमशाही पुढे चालू ठेवायची की नाही यावर सार्वमत. विरोधकांना 'नाही'चा प्रचार करायला टीव्हीवर रोज रात्री १५ मिनिटं, तीही २७ रात्रीच. छळाच्या आणि बेपत्ता माणसांच्या कहाण्या सांगाव्यात असं अनेक नेत्यांना वाटत होतं, आणि ते स्वाभाविकच होतं. पण संशोधनात निघालं ते वेगळं. कुंपणावरच्या लोकांत दोन गोष्टी होत्या, भीती आणि 'काही बदलणार नाही' ही निराशा. हुकूमशाही वाईट आहे हे त्यांना पटवायची गरज नव्हती. घाबरलेल्याला आणखी घाबरवलं तर तो घरीच बसतो. म्हणून इंद्रधनुष्य, गाणं, हसरे चेहरे आणि 'आनंद येतोय' असं वाक्य. डझनाहून अधिक पक्षांची मोट होती, इंद्रधनुष्याने तीही एका खुणेखाली आणली. ५ ऑक्टोबरला 'नाही'ला सुमारे ५६ टक्के मतं पडली.

मला ही मोहीम आजवरच्या राजकीय ब्रँडिंगमधली सर्वोत्तम वाटते. पण जाहिरातवाले गाळतात तो भागही सांगतो. त्याआधी महिनोन्महिने मतदार नोंदणीची मोहीम चालली आणि सत्तर लाखांहून अधिक लोकांनी नाव नोंदवलं. मतदानाच्या रात्री विरोधकांची स्वतःची समांतर मोजणी होती, त्यामुळे निकाल दडपणं अवघड झालं. या दोन गोष्टी नसत्या तर आज ते गाणं कोणाला माहीतही नसतं.

असंच 'इंडिया शायनिंग'चं. २००३-०४ची ती सरकारी मोहीम, ग्रे एजन्सीचं काम, आणि मे २००४ मध्ये सत्ताधारी हरले. चकचकीत जाहिरातीने सरकार बुडवलं, हा धडा तेव्हापासून प्रत्येक परिसंवादात मिळतो. अर्धा खरा आहे. ज्याच्या घरात चमक पोचलेली नाही त्याला चमकतंय म्हणून सांगितलं तर तो चिडणारच, आणि काँग्रेसने 'आम आदमी को क्या मिला?' विचारून त्या चिडीला वाट करून दिली. पण द्रमुकसारखा मित्र निवडणुकीआधी बाजू बदलून गेला होता, आणि काँग्रेस १४५, भाजप १३८ असा निकाल लागतो तिथे आघाड्यांच्या गणिताला जाहिरातीपेक्षा जास्त वजन असतं. यशाचं श्रेय जाहिरातीला जास्त मिळतं तसं अपयशाचं खापरही.

आता सहकाऱ्यांच्या बाजूने बोलायला हवं, कारण साबण आणि मत यांत फरक आहेच, फक्त तो त्यांना वाटतो तिथे नाही. एक लबाडी दोन्हीकडे चालते, पण तिची शिक्षा वेगवेगळी. साबणाने फसवलं तर पुढच्या महिन्यात दुसरा घेता येतो. मत देऊन फसलात तर पाच वर्षं. शिवाय मी निवडलेला साबण मला मिळतो, मी निवडलेला उमेदवार मिळेलच असं नाही. सात्ची अँड सात्ची या एजन्सीने १९७८ मध्ये ब्रिटनमध्ये तेव्हा विरोधात असलेल्या थॅचर यांच्या हुजूर पक्षासाठी केलेलं पोस्टर याचं ठळक उदाहरण: बेकारांची नागमोडी रांग आणि मजूर पक्षाचं काम चालत नाही असं द्वयर्थी वाक्य. रांगेत उभे होते पक्षाचेच मोजके तरुण कार्यकर्ते, त्यांचेच फोटो जोडून जोडून रांग लांबवली. सरकारपक्षाने संसदेत त्यावर आगपाखड केली आणि थोड्याच ठिकाणी लावलेलं पोस्टर देशभर फुकट पोचलं. (विरोधकाच्या जाहिरातीवर जाहीर चिडू नये, हा धडा तेव्हाचा, आणि अजूनही कोणी शिकलेलं नाही.) १९७९ मध्ये थॅचर जिंकल्या. जानेवारी १९८२ पर्यंत बेकारांचा आकडा ३० लाखांवर गेला, पोस्टर लागलं तेव्हा होता त्याच्या दुपटीच्या आसपास. आणि १९८३ मध्ये त्या पुन्हा, मोठ्या बहुमताने जिंकल्या. मध्ये फॉकलंडचं युद्ध झालं, विरोधक फुटले. वस्तूच्या बाजारात दावा इतका उलटला असता तर ब्रँड उरला नसता. राजकारणात लोक दावा नाही तपासत, पर्याय तपासतात.

दुसरा फरक नकारात्मक प्रचाराचा. कोला कंपनी दुसऱ्या कोलाला विष म्हणत नाही, कारण लोक कोला पिणंच सोडतील. राजकारणात समोरच्याचा मतदार घरी बसला तरी तुमचा फायदाच होतो, म्हणून तो मोह कायम राहतो. आणि कायद्याचा पहारा इथे ढिला असतो. ब्रिटनमध्ये वस्तूंच्या खोट्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने १९९९ पासून निवडणुकीच्या जाहिराती आपल्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. अमेरिकेत तर उमेदवाराच्या जाहिरातीत काटछाट करायला प्रसारणवाहिनीला कायद्यानेच मनाई आहे. टूथपेस्टच्या दाव्याला पुरावा लागतो, मंत्र्याच्या दाव्याला लागत नाही. तुमच्या सहकाऱ्यांना रागावायचंच असेल तर लोगोवर रागावण्यापेक्षा यावर रागवावं.

पैशांबद्दल. टेक्सासमध्ये २००६ साली रिक पेरी यांच्या प्रचारात संशोधकांनी सुमारे २० लाख डॉलरच्या जाहिराती कुठे कधी दाखवायच्या हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवू दिलं. जाहिरातींचा परिणाम चांगला दिसला, पण आठवड्याभरात जवळपास विरून गेला. २०१८ मध्ये जोशुआ कॅला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी अशा ४९ प्रत्यक्ष प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. अमेरिकेतल्या सार्वत्रिक निवडणुकांत प्रचाराने मतदाराची निवड बदलण्याचा सरासरी परिणाम शून्याजवळ निघाला. माझ्या व्यवसायातले लोक हा निबंध आठवायला फारसे उत्सुक नसतात. मात्र तो निकाल नीट वाचावा लागतो. जिथे मतदाराला पक्ष आणि उमेदवार आधीच ठाऊक आहेत तिथली ही गोष्ट आहे. तुम्हाला कोणी ओळखतच नाही, म्हणून तुमच्यासाठी ओळख करून देण्याच्या खर्चाला अर्थ आहे. मतपरिवर्तनाच्या खर्चाला कमी. व्यक्तिमत्त्वानुसार मतदाराचं मन वळवून देतो म्हणणारे डेटावाले आले तर त्यांना चहा पाजून परत पाठवा. केंब्रिज अॅनालिटिका या अशाच डेटा कंपनीकडे फेसबुकच्या अंदाजाने ८.७ कोटी लोकांची माहिती गेली होती, आणि तरी तिच्या जादूचा पुरावा तिच्या स्वतःच्या विक्रीपत्रकांबाहेर फारसा सापडला नाही. चोरी खरी होती, चमत्कार नाही.

तुमच्या जागी मी असतो तर पहिले दोन आठवडे काहीही छापलं नसतं. कुंपणावरच्या लोकांचे तीन-चार गट बसवले असते, भाड्याची खोली आणि नीट ऐकणारा एक माणूस एवढ्यावर ते होतं. संघटनेबद्दल लोक आत्ताच काय मानतात, चांगलं-वाईट दोन्ही, ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढलं असतं. त्यातली एक गोष्ट निवडायची, जी खरी आहे आणि समोरच्याला म्हणता येणार नाही. 'स्वच्छ', 'प्रामाणिक', 'विकास' बाद, ते सगळेच म्हणतात. मग तिला पुरावा जोडायचा, एखादं झालेलं काम, एखादा आकडा, एखादा निर्णय जो घेताना तुमचं काही नुकसान झालं. पुरावा नसेल तर प्रचाराआधी एखादं काम करून तो तयार करा. घोषवाक्य त्यानंतर एका संध्याकाळी सुचतं, आणि बहुतेकदा त्या गटांतल्याच कोणीतरी ते नकळत बोलून गेलेलं असतं.

पैशाचा मोठा वाटा शेवटच्या टप्प्यासाठी राखा, कारण आधी केलेला परिणाम टिकत नाही. जाहिरातीइतकंच लक्ष मतदार यादीवर आणि दारोदार जाणाऱ्या माणसांवर द्या, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट राहील हे बघा. पत्रक छापण्याआधी अनोळखी माणसाला ते पाच सेकंद दाखवून काढून घ्या आणि काय आठवतं ते विचारा. उमेदवाराचं नाव आणि ती एक गोष्ट आठवली तर छापा. नुसता रंग आठवला तर मित्राला परत कामाला लावा.

मित्राला लोगोचं काम द्याच, त्याला बाजूला काढू नका. फक्त त्याच्या हाती कोरा कागद देण्याआधी मतपत्रिकेवर तुमचं नाव आणि चिन्ह कोणत्या आकारात, कोणत्या रंगात आणि कोणाच्या शेजारी येणार आहे ते शोधून काढा, आणि सगळं डिझाइन त्या एका ओळीपासून उलटं करत आणायला सांगा.